अंधार सांभाळणारा रुमाल

मित्रांनो, मी एक काळा रुमाल आहे. आज मी इतका विरलो आहे की मला उन्हात धरले तर पलीकडच्या हाताची बोटे मोजता येतील. पण माझ्या तरुणपणी माझ्यातून उजेडाचा एक कणही जात नसे. आयुष्यभर मी एकच काम केले: वीतभर अंधार सांभाळला.

मी मूळचा एका फोटोवाल्याकडचा. फिल्म धुण्याच्या त्याच्या खोलीला एक जाड पडदा होता. तो जुना झाला, तेव्हा त्याने तो शेजारच्या दवाखान्यातील परिचारिकेला देऊन टाकला. उजेड अडवणे हा आमच्या घराण्याचा व्यवसायच म्हणा ना! त्या परिचारिकेला सगळी मुले 'सुईताई' म्हणत. तिने पडद्यातून माझा चौकोन कापला आणि तिच्या सासूबाईंनी मला दुहेरी दुमडून टीप घातली.

"सून सगळ्या जगाला सुया टोचत हिंडते, आणि घरातली सुई मात्र म्हातारीच्या हातात," त्या पुटपुटल्या. पण टीप अशी घातली की ती आजही उसवलेली नाही.

मला वाटले होते, मला एखाद्या रत्नावर पांघरतील. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली करंगळीएवढी काचेची कुपी. तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. ती क्षयरोगाची लस. सुईताई कुपीची मान हलकेच मोडी, आत पाणी सोडी आणि लगेच मला तिच्याभोवती गुंडाळी.

"बाटलीला असं काय तान्ह्या बाळासारखं लपेटतेस गं?" रांगेतल्या एका आजीने विचारले.

"जिवंत आहे ती, आजी. ऊन लागलं की मरते."

जिवंत! मी शहारलो. मग सुईताईने रांगेतल्या आयांना जी गोष्ट सांगितली, ती मी पुढे शेकडो वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी तितकाच थक्क झालो.

फार पूर्वी एक डॉक्टर आणि एक गुरांचे डॉक्टर असे दोघे मित्र होते. त्यांनी गाईला होणाऱ्या क्षयाचा जंतू घेतला. त्याला मारायचे नाही, माणसाळवायचे, असे त्यांनी ठरवले. गुरांच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर ते त्याला वाढवू लागले. दर तीन आठवड्यांनी जुन्या कापावरचे थोडे जंतू उचलून नव्या कापावर ठेवायचे. मध्येच महायुद्ध पेटले, बटाटेही मिळेनासे झाले, तरी त्यांनी खंड पडू दिला नाही. अशी तेरा वर्षे गेली आणि दोनशे तीस वेळा त्या जंतूने घर बदलले. शेवटी तो जिवंत राहिला, पण त्याचा विखार गेला. आता तो बाळाच्या दंडात शिरला की बाळाचे शरीर खऱ्या शत्रूला आधीच ओळखून ठेवते. पहिल्यांदा ही लस ज्या बाळाला दिली, त्याची आई क्षयानेच गेली होती.

दोनशे तीस वेळा! मित्रांनो, मी तर नुसता झाकून बसायचो. पण ज्यांनी तेरा वर्षे वाट पाहिली, त्यांच्या कष्टाचा शेवटचा तासभर माझ्या घडीत असायचा. त्या जाणिवेने मी अंग चोरून, श्वास रोखून बसत असे.

आणि तरीही एके दिवशी मी माझी जागा सोडली.

उन्हाळ्याचे दिवस होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत रांग लागली होती. त्या दिवशी एकच कुपी आली होती. अकरा मुलांना टोचून झाले होते, नऊ उरली होती. एवढ्यात रांगेतली दिवस भरलेली एक गरोदर बाई भोवळ येऊन कोसळली. सुईताई धावली. हाताला जे पहिले लागले ते तिने उचलले, माठात बुडवले आणि त्या बाईच्या कपाळावर ठेवले. ते मी होतो.

बाई शुद्धीवर आली. तिला घेऊन जायला गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. मी ओलाचिंब होऊन तिच्या कपाळावर पडलो होतो आणि तिथून मला खिडकी दिसत होती. खिडकीखालच्या टेबलावर उन्हाची तिरीप सरकत सरकत आली आणि कुपी झगमगू लागली. ती किती सुंदर दिसत होती! आणि मी ओरडू शकत नव्हतो.

सुईताई परतली आणि तिने उन्हातली कुपी उचलून सावलीत धरली.

"टोचून टाका हो, ताई," कंपाउंडर हळूच म्हणाला. "अपाय तर होणार नाही ना? मग कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "लस वाया गेली. चूक माझी आहे."

रांगेत पुढेच महिन्याभराची मुलगी घेऊन एक बाई उभी होती. ती कारखान्यात बाटल्या धुण्याचे काम करी. तिने कुपी हातात घेतली आणि डोळ्यांसमोर धरली.

"मी रोज हजार बाटल्या उजेडात धरून बघते, ताई. खराब असली की मला कळते. ही तर चांगली आहे."

"दिसायला तशीच दिसते, बाई. पण आतलं गेलं."

"मग आता?"

"लशीची पुढची फेरी महिन्याने."

"महिन्याने?" तिचा आवाज फाटला. "घरात सासरे रात्रंदिवस खोकतात. मोठी पोर माझी ह्याच रोगानं गेली, मेंदूत शिरला होता तिच्या. आणि तुम्ही मला महिना सांगता?"

सुईताईने तिच्या हातातून कुपी घेतली आणि ती रिकामी केली.

दुसरा दिवस तिच्या सुट्टीचा होता. सासूबाई म्हणाल्या, "आज तरी घरात टेक." पण ती पहिल्या गाडीने लशींच्या मोठ्या गोदामावर गेली, हातापाया पडून एक कुपी मिळवली आणि बर्फाच्या पेटीतून घेऊन आली. दवाखाना बंद होता, म्हणून नऊही मुलांना तिने एकाच घरी बोलावले, त्या बाटल्या धुणाऱ्या बाईच्या. खोकणाऱ्या सासऱ्यांची खाट त्या दिवशी मागच्या अंगणात हलवली होती. खोली एवढीशी, आणि टेबल नेमके उघड्या दाराशी. सुईताईने मला कुपीभोवती गुंडाळले. ती बाई मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती.

जरा वेळाने मला माझ्यावर सावली जाणवली. ती बाई दाराकडे पाठ करून टेबलाशी येऊन उभी राहिली होती. एकेक मूल येत होते, रडत होते, जात होते. ती जागची हलली नाही. उन्हाने तिची पाठ भाजत असणार. शेवटी तिची स्वतःची मुलगी उरली, तेव्हाही तिने लेकीला शेजारणीच्या हाती दिले आणि आपण तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून अंधार सांभाळला.

दीड महिन्याने ती दवाखान्यात तरातरा आली. "हे काय केलंत हो, ताई? पोरीचा दंड पिकलाय!"

सुईताईने झबल्याची बाही वर केली. डाव्या दंडावर हरभऱ्याएवढी पिकलेली पुळी होती. सुईताई ती बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"अहो, रडता काय? काय झालंय तिला?"

"काही नाही झालं. असंच व्हायला हवं. बाई, लस जिवंत होती. आपण ती जिवंत पोचवली."

बाईने लेकीची बाही हलकेच खाली ओढली. मग म्हणाली, "तो रुमाल द्या इकडे. त्या दिवशी आवरताना माझ्या दारात मातीत पडला होता, कुणी धुतला नाही वाटतं?" आणि तिने मला अशा हातांनी धुतले, ज्या हातांना रोज हजार बाटल्या चकचकीत करण्याची सवय होती.

पुढे तपकिरी काचेच्या कुप्या आल्या आणि माझी गरज कमी झाली. काही काळ टेबल पुसायला मला वापरले. आता मी कपाटाच्या तळाशी आहे. मला त्याचे दुःख नाही. कधीकधी दार उघडते आणि उजेड माझ्यातून आरपार जातो, तेव्हा मनात येते, आता येऊ दे.

मित्रांनो, एकच मागणे आहे. आपली डावी बाही वर करून पाहा. तिथे एखादा लहानसा खोलगट वण असेल. कुणाकुणाला तो नसतोही. पण असला, तर त्याला नुसता डाग म्हणू नका. तुमच्यापर्यंत काहीतरी जिवंत पोचावे म्हणून कुणीतरी उन्हाकडे पाठ करून उभे राहिले होते.