दुसऱ्याने उतरायचं नाही

फ्योर्डकाठच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठच्या, आमच्या गावात मासळीचा कारखाना आहे. त्याचं आणि अख्ख्या गावाचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट गुनवोर सांभाळायची. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, फटकळ बाई. तिच्या हाताखाली विलाड्स आणि एस्किल्ड हे सख्खे भाऊ.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत कारखाना बंद होता, तेव्हा नळांतली घाण तशीच सडत पडली. सुट्टी संपल्यावर एकदम लोंढा आला आणि सकाळीच सांडपाण्याच्या विहिरीतला पंप अडकला. लोक संडासात टाकतात त्या ओल्या वाइप्सचा त्यात दोरखंड झाला होता.

"आधी आत ताजी हवा सोडायची, मग मोजायची, मग पट्टा बांधून एकानेच उतरायचं," गुनवोरने नेहमीचं बजावलं. एस्किल्ड पट्टा न् दोर आणायला शेडकडे गेला, ती हवेच्या पंख्याची वायर ओढायला. विलाड्सने तेवढ्यात विहिरीचं झाकण उघडलं.

"काय सडक्या अंड्यांचा वास मारतोय!" तो ओरडला. मग जरा वेळाने म्हणाला, "गेला बघ. वारं लागलं तशी हवा साफ झाली."

"वास नाही गेला, गाढवा, त्या विषारी वायूने तुझं नाक मेलंय! मागे हो!"

"तुला न्हाणीघरात जातानाही हवा मोजावी लागते, म्हातारे," विलाड्स हसत म्हणाला आणि शिडी उतरू लागला. गुनवोर वायर टाकून धावली. ती काठाशी पोचली तेव्हा तो खाली गाळात आडवा पडला होता.

तिने अग्निशमन दलाला फोन लावला आणि पंख्याची नळी विहिरीत सोडली. एवढ्यात एस्किल्ड आला. त्याने आत डोकावून पाहिलं, हातातलं सगळं टाकलं आणि थेट शिडीवर पाय ठेवला.

"दुसऱ्याने उतरायचं नाही!"

"भाऊ आहे तो माझा! ऐक, घोरतोय! जिवंत आहे तो!"

"तू उतरलास तर तूही घोरशील."

तो ऐकेना. कमरेपर्यंत आत गेला. तिने कॉलर धरली, त्याने ती हिसडून सोडवली. मग गुनवोरने कमरेच्या पट्ट्यातला जड पाना काढला आणि शिडीच्या कडीवरच्या त्याच्या बोटांवर हाणला. बोटं मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडला, हात सुटला, तशी तिने त्याला काखेत धरून वर ओढलं आणि पालथा पाडून त्याच्या पाठीवर बसली. खालून घोरण्याचा आवाज येत होता. दोघंही तो ऐकत होते. मग तो थांबला.

"सोड मला, गुनवोर. पाया पडतो तुझ्या," एस्किल्ड जमिनीत तोंड खुपसून म्हणाला. ती उठली नाही.

पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन आलेल्या जवानांनी विलाड्सला वर काढलं, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. चौकशीत गुनवोर निर्दोष ठरली. साहेबांनी तर कौतुकच केलं.

दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. गुनवोर तिथे गेली, तसे लोक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. एस्किल्डने प्लास्टरमधला हात उचलून सगळ्यांदेखत विचारलं, "तुझं पोर खाली असतं, तर बसली असतीस का पाठीवर?"

"बसले असते," ती म्हणाली.

ते खरं असावं, आणि म्हणूनच तिला कुणी माफ केलं नाही.

हात बरा झाल्यावर एस्किल्ड कामावर परतला. बोटं वाकडीच राहिली. कामापुरतं बोले, तेही तिच्याकडे न बघता. शरदात दुसऱ्या विहिरीतला पंप अडकला. हवा सोडून झाली, मोजून झाली. या वेळी गुनवोर स्वतः पट्टा बांधून उतरली. दोर गुंडाळायचं चाक एस्किल्डच्या हातात होतं.

काम झाल्यावर तिने वर ओढायची खूण केली. एस्किल्डने तिला अर्ध्यावर आणलं आणि चाक थांबवलं.

"कसं वाटतंय?" त्याने वरून विचारलं.

"ओढ, एस्किल्ड."

"घाबरलीस?"

"हो."

"बरं वाटलं ऐकून." तो बराच वेळ तिला तशीच लोंबकळत ठेवून बघत राहिला. मग ओठ चावत चाक फिरवू लागला.

वर आल्यावर गुनवोरने पट्टा सोडला. "चाव्या दे," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नकोस. जो माणूस दोराशी खेळतो त्याला मी विहिरीच्या काठावर उभा करत नाही."

"भाऊ घेतलास, आता भाकरीही घे," तो म्हणाला. चाव्या त्याने तिच्या पायाशी फेकल्या.

संध्याकाळी ती स्वतःच त्याच्या आईकडे गेली. त्या आईला, किर्स्टिनेला, त्याला काढल्याचं दुसऱ्या कुणाकडून कळू नये, असं तिला वाटलं. किर्स्टिने दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

"माझं एक पोर तू वाचवलंस, असं पाद्रीबुवा सांगतात," किर्स्टिने म्हणाली. "ये ना आत, बघ त्याला. भिंतीकडे तोंड करून पडलाय. सांग, याचं मी काय करू?"

गुनवोर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. किर्स्टिनेने दार लावून घेतलं.