त्या संध्याकाळी मी पडलो नाही

मी पडदा बोलतोय. हो, नाटकाचा. कानडी मुलखातल्या या शहरात, चामराजपेटेतल्या मराठी मंडळाच्या रंगमंचावर गेली तेरा वर्षं मीच लोंबतोय. माझ्याशिवाय इथं एकही नाटक सुरू झालं नाही, पण कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव कोणी छापलं नाही. असो.

१९५६ साली मंडळाच्या बायकांनी मला मांडीवर घेऊन शिवलं. सगळ्यांत बारीक टाका अनुसूयाअक्कांचा, मंडळाचे चिटणीस नागनाथअण्णा यांच्या पत्नींचा. माझी तळाची अख्खी दुमड त्यांनीच घातली. तेव्हा त्यांचं मनगट सुजलं होतं. शेजारणीनं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाणीत पाय घसरला." पुढच्या आठवड्यात डोळ्याखाली काळंनिळं. पुन्हा न्हाणीच! मी नुसतं कापड, पण दर आठवड्याला कोणी असं घसरत नाही एवढं मलाही कळत होतं. तिथं जमलेल्या बायकांना कळत नसेल का? पण सगळ्या मान खाली घालून टाके घालत राहिल्या. मला तेव्हापासून त्यांचा राग आहे.

माझ्या मधोमध एक भोक आहे. नट त्यातून प्रेक्षक किती आलेत ते बघतात. मी मात्र प्रेक्षक कसे आहेत ते बघतो. हसायच्या जागी खोकणारे, रडायच्या जागी पानाचा डबा उघडणारे, सगळे मला पाठ आहेत.

१९६३च्या गणेशोत्सवात शिक्षिका सुलभाबाईंनी लिहिलेलं नाटक लागलं. बायकोला मारणारा एक माणूस आणि त्याला समोर बसवून बोलतं करणारा मनाचा डॉक्टर, एवढंच. विमान कारखान्यातला श्रीकांत तो नवरा झाला होता. माझी दोरी सांभाळणाऱ्या खंडोजीनं मला वर घेतलं.

पहिला अर्धा तास लोकांना डॉक्टरची गंमतच वाटली. "नुसतं बोलून रोग जातो होय?" मागून कोणीतरी म्हणालं. मग डॉक्टरनं विचारलं, "हात उचलता, तेव्हा समोर कोण दिसतं?" "माझा बाप," श्रीकांत म्हणाला, आणि लगेच त्यानं खुर्ची उचलून आपटली. पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या हातून काठी पडली. कोणी पानाचा डबा उघडला नाही.

पुढच्या प्रवेशात नाटकातल्या त्याच्या बायकोला शेजारीण विचारते, काय लागलं? ती म्हणते, "न्हाणीत पाय घसरला."

सुलभाबाईंनी ते वाक्य कुठून घेतलं, देव जाणे. बऱ्याच घरांत तेच म्हणत असतील. पण बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना एकदम वळल्या, अनुसूयाअक्कांकडे.

नागनाथअण्णा ताडकन उठले. "साकु! बस झालं! गणपतीपुढं हे असलं दाखवतात? खंडोजी, पडदा पाड!"

"पाडा, पाडा," आणखी चारपाच जण ओरडले. खंडोजीनं दोरीची गाठ सोडली. मी हातभर खाली सरकलो. त्या वेळी स्वतःच्या वजनाची मला लाज वाटली.

तेवढ्यात अक्का उभ्या राहिल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "पाडू नको, खंडोजी. तो पडदा मी शिवलाय. पुढं काय होतं ते मला बघायचंय."

"अनुसूये, खाली बस!"

"बसते. नाटक संपेपर्यंत बसते. नंतर तुमच्याबरोबर घरी येणार नाही."

खंडोजीनं एकदा चिटणिसांकडे बघितलं, एकदा अक्कांकडे. मग कानडीत होकार दिला, "सरी, अक्का," आणि दोरी हाताला गुंडाळून तिथंच मांडी घालून बसला. नाटक संपेपर्यंत हलला नाही.

शेवटी टाळ्या झाल्या नाहीत. लोक उठून गेले. अक्का सुलभाबाईंबरोबर इथल्याच शिवाजीनगरला आपल्या भावाकडे गेल्या, त्या परत त्या घरात गेल्याच नाहीत. नागनाथअण्णा रिकाम्या सभागृहात बराच वेळ बसून होते. ते पुढं कुठल्या डॉक्टरकडे गेले का, मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी अक्का माझी शिवण दुरुस्त करायला आल्या. मनगट सुजलेलं नव्हतं. एका नव्या मुलीनं कोपर झाकलं तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "खरं सांग, कोणी मारलं?"

आता नवा पडदा येतोय. मला फाडून फडकी करणार म्हणे. करा, माझी तक्रार नाही. तळाची दुमड मात्र सहजी उसवणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मला उतरवायला खंडोजीच येईल, आणि मी मुकाट्यानं खाली येईन. आयुष्यभर सांगतील तेव्हा पडलो. त्या संध्याकाळी तेवढा पडलो नाही.