घरचा व्यायाम

"उचला बाबा. आणि डावा हात मांडीखाली. त्याला मदतीला बोलवायचं नाही."

देवश्रीनं दरडावल्यावर सहादेवरावांनी डावा हात खरोखरच मांडीखाली दाबून धरला आणि उजव्या हातानं स्टीलचा पेला उचलला. पेला डुगडुगला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, पण ओठांपर्यंत पोचला. दोन घोट पिऊन त्यांनी तो परत टेबलावर ठेवला. आदळला नाही, ठेवला. मग कुस्ती मारल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं.

"शाबास पैलवान!" देवश्रीनं टाळ्या वाजवल्या. "आता उद्या चहा. गरम!"

गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दिवाळीच्या तोंडावर जामखेडकडच्या वस्तीवर नवऱ्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा लेकानं दोघांना सावेडीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून देवश्री रोज येऊन म्हाताऱ्याकडून व्यायाम करून घेत होती. म्हातारा हट्टी, पहिल्या महिन्यात त्यानं तिला शिव्यासुद्धा घातल्या. तिनं कधी गोडीनं, कधी दटावून, कधी बैलांच्या गप्पांना लावून ती बोटं एकेक करून जागी केली होती.

"डाक्टरीनबाई, वाईच थांबा." गोजरबाईंनी तिला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. "तुमी नसता तर मी ह्या मानसाला जलमभर घास भरवीत बसले असते. आई हाय न्हवं तुमची?"

"आहे. तिलाही हेच झालंय मावशी. उजवाच हात. दिवाळीतच."

"आगं माय!" गोजरबाईंनी गालावर हात ठेवला. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मंग त्यांचा तर ह्यांच्याबी आदी बरा झाला आसंल! लई नशीबवान बाई. घरातच डाक्टर!"

"हो," देवश्री म्हणाली आणि चपला घालायला खाली वाकली. वाकलेली राहिली थोडा वेळ.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. गोजरबाईंना आपण टोचतोय याची कल्पनाही नव्हती. त्या कौतुकानं जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

सावेडीहून केडगावपर्यंत स्कूटर आपोआप चालल्यासारखी आली. रोजच यायची. सकाळपासून देवश्री घरोघर फिरायची. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाची अर्धी बाजू. हातापायांचं दुखणं सोपं असतं. जड असतं ते माणसाचं मन उचलणं, आणि ते तर प्रत्येक घरी नव्यानं उचलावं लागतं. दिवसभर दुसऱ्यांना उमेद वाढता वाढता संध्याकाळी तिचं स्वतःचं पातेलं खरवडलेलं असायचं. घरापाशी स्कूटर बंद केली की ती हेल्मेटसकट सीटवर बसून राही. पाच मिनिटं, कधी पंधरा. आत जायचं म्हणजे कुलूप काढून दार ढकलायचं, एवढंच काम. पण ते फार मोठं वाटे. शेजारची पूजा आईला दुपारचं जेवण देऊन जायची, ती एकदा म्हणालीही, "ताई, बाहेर काय बसता? काकू वाट बघतात ना." तेव्हा देवश्री फोनवर काहीतरी बघत असल्याचं सोंग करून हसली होती.

आत आई पलंगावर असायची. इंदूताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बोलणं वाचलं होतं, पाय बरा होत होता. हात राहिला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि देवश्रीला तर कुणी सांगायची गरज नव्हती: पहिले महिने हातचे जाऊ द्यायचे नाहीत. तिनं आईला डाव्या हातानं उजव्याची बोटं उघडायची कशी ते शिकवलं, रात्री बोटं सरळ राहावीत म्हणून हाताला बांधायचा स्प्लिंट आणून दिला. उरलेला व्यायाम ती स्वतः घेणार होती. रोज, घरी आल्यावर.

पहिले काही आठवडे घेतलाही. मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज राहू दे. दमलीस. मी केलाय दुपारी." देवश्रीला इतकं हलकं वाटलं की तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून विचारण्याचीच पद्धत झाली. "केलास ना?" "केला ना." दोघी जेवायच्या, टीव्ही चालू असायचा, देवश्री सोफ्यावरच झोपून जायची. परक्यांच्या हातांकडे सबंध दिवस रोखून पाहणारी बाई आईच्या हाताकडे पाहायचं टाळायला लागली. दिव्याखाली अंधार तो हाच.

आईला तो हात एकाच गोष्टीसाठी हवा होता. सुहासच्या, म्हणजे देवश्रीच्या भावाच्या मुलाची, धवलची, वैशाखात मुंज होती. बटूच्या झोळीत भिक्षा घालायची ती उजव्या हातानं. एकुलत्या एका नातवाला आजीनं डाव्या हातानं भिक्षा घालायची, तीही मांडवात, हे इंदूताईंच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून त्या पूजासमोरसुद्धा जेवायच्या नाहीत.

आज देवश्री हेल्मेट घालून बसली नाही. तशीच आत गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"लवकर आलीस ग," आई म्हणाली. "नारळ कुणी दिला?"

"आई, हात दे."

"केलाय मी दुपारी."

"दे तरी."

आईनं हात दिला नाही. देवश्रीनंच चादर बाजूला करून तो घेतला. मूठ घट्ट मिटलेली होती, मनगट आत वळलेलं. अंगठा बोटांबाहेर एका कडेला चिकटून होता. तिनं मनगट वाकवलं, हळूहळू दाब देत बोटं सैल करायला गेली. जिथं सुटायला हवी होती तिथं ती सुटली नाहीत. हा नुसता ताण नव्हता, आतून सांधेच आखडले होते. तिच्या बोटांना ते डोक्याच्या आधी कळलं.

तिनं कपाट उघडून स्प्लिंट काढला. त्याचे पट्टे करकरीत नवे होते, चिकटपट्टीवर सुताचा धागासुद्धा नव्हता.

"आई, खरं सांग. दुपारी करत होतीस?"

"आधी आधी करत होते. मग दुखायला लागलं. एकटीला नाही ग येत उमेद."

"मग रोज केला म्हणून का सांगायचीस?"

इंदूताईंनी डाव्या हातानं चादर पुन्हा त्या मुठीवर ओढून घेतली.

"तू विचारायचीस ना, तेव्हा तुझ्या तोंडावर लिहिलेलं असायचं, हो म्हण ग आई. मी हो म्हटलं की तुझे खांदे खाली यायचे. या अशा अवस्थेत तुझ्यासाठी मला एवढंच करता येत होतं."

"माझ्यासाठी?" देवश्रीचा आवाज चिरकला. "अगं, मला कळत होतं. मला नाही कळणार? मला कळत होतं आणि मी विचारून झोपत होते!"

"मलाही ते कळत होतं," आई म्हणाली. "रडू नकोस. दिवसभर पेशंटच बघतेस. घरी आल्यावर आणखी एक कशाला? घरी आई असावी माणसाला."

कुठल्याही पेशंटच्या घरी देवश्री या जागी काहीतरी बोलली असती. धीराचे, हुरूप देणारे तिचे ठरलेले शब्द होते, आणि त्यातला एकही आईपुढे काढायची तिला हिंमत झाली नाही.

"मुंजीचं काय?" तिनं शेवटी विचारलं.

"काय व्हायचंय? आजीनं डाव्या हातानं घातली म्हणून धवलला गायत्री यायची राहणार आहे का?" इंदूताई हसल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, आणि त्यांची पाठ हलायला लागली.

देवश्री उठली. पातेल्यात पाणी कोमट केलं, मऊ पंचा भिजवला, मिटलेल्या मुठीभोवती गुंडाळून धरला. गार झाला की पुन्हा भिजवायचा. बऱ्याच वेळानं बोटं थोडी उघडली, पुरती नाहीतच. आतून ओलसर, कोंदट वास आला. तळवा पांढराफटक पडला होता आणि त्यावर चार नखांच्या चार लाल खुणा रुतल्या होत्या. तिनं तो बोटानं पुसला, कोरडा केला, एकेक नख धरून कापलं. रडून थकून आईचा डोळा लागला होता.

देवश्रीनं शेवटचं नख कापून बोटं सोडली. ती एकामागून एक मिटत आली आणि देवश्रीचा स्वतःचा अंगठा आत सापडला. आखडलेला हात असाच मिटतो, त्यात त्या माणसाची काही इच्छा नसते, हे ती नातेवाइकांना नेहमी समजावून सांगे. त्यांनी भलती आस धरू नये म्हणून. अंगठा न दुखवता सोडवून कसा घ्यायचा तेही तिला येत होतं.

खोलीत अंधारून आलं होतं. दिवा लावायला उठायला हवं होतं. देवश्रीनं अंगठा तसाच राहू दिला.