घराणं नसलेले शब्द

टप्.

नळाखाली भिजत घातलेल्या पातेल्यात थेंब पडला. बाकी स्वयंपाकघर गप्प होतं. पाच आठवडे जेवणाच्या टेबलाशी कोणी धड बोललं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. बोस्टनच्या छापखान्यात जन्मलो आणि अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या या घरी एल्डन मास्तरांकडे आलो. ते शाळेत लॅटिन शिकवत. त्यांच्या घरचा नियम असा, की जेवताना शब्दाबद्दल प्रश्न विचारणाऱ्यानं उठायचं, मला उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं. सूप गार झालं तरी चालेल. काय मान होता माझा!

पुढे शब्दांचे अर्थ दाखवणारे फोन घरात आले आणि मी मास्तरांच्या नातीच्या, हॅटीच्या, बुडाखाली गेलो. तिला टेबल उंच पडायचं.

माझ्या पोटात लॅटिनचे नातू आहेत, ग्रीकांचे जावई आहेत. आणि एक उपटसुंभांची टोळी आहे. बझ म्हणजे माशीची गुणगुण, हिस म्हणजे सापाचा फूत्कार. उगम काय, तर आवाजाची नक्कल. ना आई ना बाप, लग्नघरी आगंतुक जेवायला बसावेत तसे बसलेत. मर्मर, म्हणजे कुजबुज, तेवढा लॅटिनचा अंगरखा घालून येतो, पण आतून तोही त्यांच्यातलाच.

मास्तरांचंही हेच मत. हॅटीनं एकदा विचारलं, "आजोबा, बझ कुठून आला?"

"चार माश्या बाटलीत कोंड. असले शब्द तुझे तूच छापशील."

"मग लॅटिन कोणाच्या बाटलीतून आली?"

"सूप पी, गधडे."

मार्चमध्ये मास्तरांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक जरी शब्द त्यांचा त्यांना आठवला, तरी बाकीच्यांची आशा धरता येईल." त्यांची मुलगी, हॅटीची आई मार्नी, रोज चमचा धरून विचारायची, "बाबा, हे काय?" मास्तर चमच्याकडे नुसते बघत राहायचे. माझ्या खानदानी मंडळींपैकी एकही मदतीला धावला नाही.

टप्. पुन्हा थेंब पडला. मास्तरांची मान नळाकडे वळली. ओठ जुळले, सुटले.

"प्लॉप."

मार्नीचा चमचा हवेतच राहिला. "काय म्हणालात, बाबा?"

"प्लॉप."

माझा तर संताप झाला. जन्मभर लॅटिन घोटलेल्या तोंडात आधी कोण परतावा, तर त्या उपटसुंभांतला हा! मार्नी मात्र अॅप्रनमध्ये तोंड लपवून रडत होती.

हॅटी नियमाप्रमाणे उठली. तिनं मला टेबलावर घेतलं. मित्रांनो, जुनं पुस्तक उघडताना त्याच्या पाठीखाली हात धरावा. तिनं धरला. मग पानावर बोट ठेवून तिनं वाचलं, "पाण्यात काही पडल्याचा आवाज. उगम, त्याच आवाजाची नक्कल."

बोट तिथेच राहिलं. तिनं आजोबांकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं.

"आई, मग हा आजोबांना आठवला, की त्यांनी आत्ताच बनवला?"