दोन्ही हातांतली काळी रेघ

मी बोलतोय कातडीच्या आतून. साडेतीन वर्षांच्या ठमीच्या डाव्या हातातलं हाड मी. कोपरापासून मनगटापर्यंत, अंगठ्याच्या बाजूचं.

आईच्या पोटात अगदी सुरुवातीला मी हाड नव्हतोच. नुसती मऊ कूर्चा, कानाच्या वरच्या कडेसारखी वाकणारी. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कामाला लागल्या. आधी आईच्या रक्तातलं, मग ठमीने प्यायलेल्या दुधातलं कॅल्शियम घेऊन त्यांनी मला मधून पक्कं केलं. टोकं मात्र अजून कच्ची आहेत, कारण तिथूनच मला वाढायचंय.

कोपराशी मला एका पट्टीने कड्यासारखं धरून ठेवलंय. लहान मुलांत ती पट्टी सैल असते. हे ठमीच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या सकाळी ठमी दुकानाच्या दारात फतकल मारून बसली. आईच्या एका हातात जड पिशवी.

"ऊठ म्हणते ना मी."

मनगट धरून तिने हिसका दिला. कट्. मी पट्टीतून सरकलो. नसेने पापणी लवायच्या आत मेंदूला निरोप पोचवला आणि ठमीने भोकाड पसरलं. हात अंगाशी लुळा लोंबू लागला. आईने तिला उचललं. पिशवी तिथेच राहिली.

दवाखान्यात सासूबाईही आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?"

आईने सासूकडे पाहिलं. "पलंगावरून पडली."

मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. पडली म्हटल्यावर बाईंनी हाडांचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला लावला, ताडून बघायला दोन्ही हातांचा. फोटो उजेडावर लावला आणि आई खुर्चीला धरून उभी राहिली. मनगटाजवळ माझा एक छोटा तुकडा सुटा दिसत होता. मध्ये काळी रेघ. उजव्या हातातही तस्साच तुकडा, तश्शीच रेघ.

"दोन्ही मोडले," ती पुटपुटली. "डॉक्टर, पडली नाही ती. मी ओढली. पण डावाच ओढला हो, उजव्याला मी हातही लावला नव्हता."

बाईंनी फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं.

"अहो, ही रेघ म्हणजे कूर्चा," बाई म्हणाल्या. "फोटोत हाड दिसतं, ती दिसत नाही. सगळ्या मुलांना असते. पण ओढलं हे आधी का नाही सांगितलंत? इतका वेळ पोर रडली."

त्यांनी कोपरावर अंगठा ठेवला, ठमीचा तळवा वळवला, हात दुमडला. पुन्हा कट्. मी घरी आलो.

बाईंनी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग बाईंनी डावीकडून पेन पुढे केलं. ठमीने डाव्या हाताने ते ओढून घेतलं आणि फोटोच्या पाकिटावर रेघोट्या मारल्या. आई हमसून हमसून रडली.

"पुरे आता," सासूबाई म्हणाल्या. "ठमीच्या बापाला लहानपणी मी असंच ओढलंय. दोनदा. आणि दोन्ही वेळा पडला म्हणूनच सांगितलं."



आता आई ठमीला काखेत हात घालूनच उचलते. तरी कधी कधी झोपलेल्या ठमीचं मनगट हळूच चाचपते, रेघ हाताला लागते का बघायला. ती लागायची नाही. अजून बरीच वर्षं तिथून मी वाढत राहीन. रेघ बुजेल तेव्हा ठमी आईच्या खांद्याच्याही वर गेलेली असेल, आणि रस्त्यात हात धरू देणार नाही. तोवर धरा. ओढू नका, एवढंच.