नववं ग्रीन

"ग्रीनवरून नको. बाजूनं या, बाजूनं," हातातला बांबू उंच धरून हे ओरडत होते.

मी कँटीनच्या दारात उभी होते. गारा नुकत्याच थांबल्या होत्या आणि आडव्या झालेल्या कुंपणावरून रम्या आत येत होती. रम्या म्हणजे शेजारच्या हुणसेपाळ्याच्या अंगणवाडीची बाई. तिच्या मागे चौदा मुलं, एकमेकांचे सदरे धरून, अनवाणी. सरळ नवव्या ग्रीनवरून आली असती तर पन्नास पावलांत कँटीनला पोचली असती. यांचा आवाज ऐकून ती थांबली, मान खाली घातली आणि सगळ्या मुलांना वळसा घालून चरातल्या चिखलातून घेऊन आली. एक पोरगी मधेच आडवी झाली. रम्यानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि चालत राहिली.

दाराशी पोचल्यावर ती मला कानडीत म्हणाली, "अक्का, अंगणवाडीचं छप्पर उडालं. निम्म्या गावाचं उडालं. अण्णांना सांगा, ग्रीनवर कुणी पाय ठेवला नाही."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. हे माझ्यामागेच येऊन उभे होते, त्यांनी ते ऐकलं.

हे म्हणजे नरसिंहराव, माझे यजमान. या गोल्फ क्लबचे हेडमाळी; इथलं कँटीन मी चालवते. बोम्मसंद्राच्या कारखान्यांच्या पलीकडे आमचा नऊ होलांचा लहानसा क्लब आहे. मेंबर बहुतेक कारखान्यांतले साहेब, आणि काही शहरातल्या एचएसआर नि व्हाइटफील्डहून येणारे, जे आल्यावर पहिला तास फक्त ट्रॅफिकवर बोलतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे मेंबर गालातल्या गालात हसतात. हसू देत. त्यांना ज्या गवतावर चालायचं असतं ते माझ्या नवऱ्यानं लावलंय.

गोल्फ मला फारसा कळत नाही, पण ग्रीन कळतं. एकोणतीस वर्षं दुसरं ऐकलंय काय? ज्या गोल तुकड्यावर चेंडू भोकात घालतात, ते ग्रीन. तिथलं गवत मुंज झालेल्या मुलाच्या डोक्यावरच्या केसांएवढं आखूड ठेवायचं. भोकाची जागा रोज बदलायची. सकाळी हे लोखंडी कटर घेऊन जातात, जमिनीत दाबून फिरवतात आणि वर ओढतात. गवत, माती, वाळू सगळ्यासकट एक गोल गट्टू बाहेर येतो, दुधाच्या लोट्याएवढा. तो कालच्या भोकात बसवायचा, पायानं दाबायचा, वर मगभर पाणी. झालं. दुपारी कुणी शोधून दाखवावं.

यांचे नियम दोन. एका ग्रीनला एकच भोक. आणि ज्याचं काम नाही त्यानं ग्रीनवर पाय ठेवायचा नाही. ज्याचं आहे त्यानं चप्पल काढून. खेळणाऱ्यांचे बूट हे सहन करतात, पण चेहऱ्यावरून कळतं. मी तर एकदाही गेले नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा म्हटलं, तुमच्या नवव्या ग्रीनवर एक फोटो काढू. तर म्हणाले, "कडेला उभी राहा. मागं ग्रीन छान दिसतंय." तो फोटो घरात आहे. खरंच ग्रीनच छान दिसतंय त्यात.

नववं त्यांचं लाडकं. बाकीची आठ कंत्राटदारानं केली होती. नववं यांनी स्वतः खणलं आणि गवताची एकेक काडी खोचून लावलं. आणि या वर्षी, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, राज्याची मोठी टूर्नमेंट आमच्या क्लबात व्हायची ठरली होती. मेच्या पंधरा तारखेला. एकतीस मेला हे निवृत्त होणार होते. "आता बघतील लोक," एवढंच म्हणायचे. दात घासताना, जेवताना, झोपेतसुद्धा.

आणि अठ्ठावीस एप्रिलला हे वादळ. कानडीत त्याला सुंटरगाळी म्हणतात. सात मिनिटं होतं म्हणे. आमची तीन सिल्व्हर ओक आणि कुंपण घेऊन गेलं, आणि हुणसेपाळ्यात पत्र्याची साठ छपरं. कुणी दगावलं नाही, हे देवाचे उपकार. एक पत्रा तर कारखान्याच्या फाटकावर घडी घातल्यासारखा लटकत होता.

त्या दिवसापासून क्लब म्हणजे गावच झालं. सेक्रेटरी सुधींद्र, वयानं लहान पण पोरगा जिगरीचा. कुणाला न विचारता त्यानं क्लबहाउस उघडलं. गोल्फच्या बॅगा वाहणाऱ्या गाड्यांतून म्हातारीकोतारी आणली. चेंडू अडवायची चाळीस फूट उंच जाळी होती, ती उतरवून कापली आणि गावातल्या उरल्यासुरल्या छपरांवर बांधली, पुढच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून. मेंबरांनी काय आणावं? योगाच्या चटया. दीडशे. सगळं गाव जांभळ्या चटयांवर बसून माझा बिसिबेळेभात खात होतं. मी दोन पातेली जाळली त्या आठवड्यात, पण कुणी उपाशी राहिलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते.

अडचण जागेची होती. क्लबहाउसमध्ये ऐंशी माणसं मावली. उरलेली सव्वाशे कुठं? आणि रोज संध्याकाळी पाऊस. पहिल्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या लांब पट्ट्यावर, बांबूच्या शेड घातल्या, त्यात पहिल्याच दिवशी घोट्याएवढं पाणी. पार्किंगमध्ये घातल्या, तिथं लाल चिखलाचा लोंढा. तिसऱ्या दिवशी सुधींद्र कँटीनच्या टेबलावर क्लबचा नकाशा पसरून बसला.

"नववं ग्रीन सोडून कुठंही चालेल," तो म्हणाला. यांच्याकडे न बघता म्हणाला. "बघू या, आणि कुठं उंच जागा मिळते का."

 हे चहा अर्धा टाकून उठले. मी त्यांना ओळखते. अर्धा चहा टाकणारा माणूस नाही हा. मी पदराला हात पुसत मागे गेले.

नवव्याच्या कडेला चपला काढलेल्या होत्या आणि हे ग्रीनच्या मधोमध उभे होते, अनवाणी. मला बघून कडेला आले.

"वेणी, स्वल्प हात लाव इथं. काय लागतंय?"

मी वाकले. कडेवरूनच, नियम पाळून. "काही नाही. कोरडं आहे."

"कोरडंच असणार. खाली वाळू, त्याच्याखाली खडी, त्याच्याखाली पायप. कितीही पडू दे, तासाभरात पाणी खाली. अख्ख्या पंचक्रोशीत आज एवढी एकच जागा कोरडी आहे."

मला कळलं हे कुठं चाललेत, आणि खरं सांगते, मला ते नको होतं. मला रम्याचं वाईट वाटत होतं, त्या पोरांचं वाटत होतं. पण या माणसाला ताप आलेला असताना कांबळं गुंडाळून या गवतावरचं दव झटकायला जाताना मी पाहिलंय. "दोन आठवडे तर राहिलेत हो," मी म्हटलं. "टूर्नमेंट होऊ दे. सुधींद्र बघेल काहीतरी. तुम्हाला कुणी मागितलंय का?"

"कुणी मागणार नाही. तोच तर घोटाळा आहे."

"म्हणून तुम्ही आपणहून द्यायचं?"

त्यांनी गवताकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती पोरं चिखलातून गेली, वेणी. मी सांगितलं म्हणून गेली."



दुपारी हे कटर घेऊन ग्रीनवर गेले. सुधींद्र धावत आला. "अण्णा, काय करताय? बांबू रोवायला पहार आहे आपल्याकडे."

"पहारीनं फाटतं. माझ्या कटरचं भोक बांबूच्या बरोब्बर मापाचं आहे. ठोकाठोकी नको, काही नको. बांबू कुठाय?"

"पण अण्णा, टूर्नमेंटवाल्यांना मी काय सांगू?"

"सांग, नववं ग्रीन दुसऱ्या कामाला दिलंय."

पहिलं भोक त्यांनी पाडलं तेव्हा मी कडेलाच होते. रोजच्यासारखंच, गुडघा टेकून, सावकाश. दुसरं पाडताना हात थांबला. एका ग्रीनमध्ये दुसरं भोक या हातानं कधी पाडलेलं नव्हतं. त्यांनी कपाळ पुसलं आणि कटर दाबला. मग मोजणं सोडून दिलं असं मला वाटलं, पण त्यांनी सोडलं नव्हतं. चव्वेचाळीस भोकं. दोन लांब शेड उभ्या राहिल्या, वर निळी ताडपत्री. संध्याकाळी पाऊस झोडपून गेला आणि आत पाण्याचा थेंब नव्हता.

लोक आत जायला लागले. रम्या सगळ्यात मागे, कडेवर तीच चिखलात पडलेली पोरगी. ग्रीनच्या कडेशी ती थांबली, वाकून चप्पल काढायला लागली. यांनी ते पाहिलं.

"असू दे, ताई," हे म्हणाले. "घालून ये."

टूर्नमेंट शहरातल्या एका मोठ्या क्लबनं घेतली. सुधींद्र सांगायला आला तेव्हा हे नळाची तोटी बसवत होते. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि पाना मागितला. घरी येऊन जेवले नीट. मीच जेवले नाही. पंधरा तारखेला हे सकाळी नेहमीच्या वेळी उठले, बाकीच्या आठ ग्रीनवरचं दव झटकून आले आणि शेडमधल्या म्हाताऱ्यांना चहा वाटला. त्या दिवशी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी दोनदा उगाचच त्यांच्यावर चिडले.

दरम्यान माझे कँटीनचे ट्रे गायब व्हायला लागले. पावाचे मोठे प्लास्टिकचे ट्रे, एक नाही, सहा. मी सगळ्यांवर संशय घेतला, दोघांना तर तोंडावर विचारलं. शेवटी पंपाच्या खोलीत सापडले. सावलीत, ओळीनं मांडलेले, आणि त्यात गवताचे गट्टू. प्रत्येकाला आइस्क्रीमची काडी खोचलेली, काडीवर आकडा. एक ते चव्वेचाळीस. वर ओलं गोणपाट.

"माझे ट्रे," मी म्हटलं.

"परत देतो. जो जिथला, तो तिथंच जायला पाहिजे. उतार असतो ग्रीनला."

"रोज पाणी घालता?"

"दोनदा."

मी ट्रेबद्दल परत काही बोलले नाही. फक्त एका ट्रेवरचं गोणपाट वाळलेलं दिसलं, ते भिजवून आले.

सतरा दिवसांनी गावावर नवे पत्रे चढले आणि माणसं घरी गेली. शेड उतरल्या. ग्रीन बघवत नव्हतं. मधे पिवळं, कडेला तुडवलेलं, आणि सगळीकडे भोकं. मेंबरांपैकी एक जण म्हणाला, हे आता उकरून नवंच करायला हवं. यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. निवृत्तीला राहिले होते चौदा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कँटीन उघडलं तर ग्रीनच्या कडेला गाव उभं होतं. कुणी बोलावलं नव्हतं; रम्यानं ट्रे पाहिले होते म्हणे, तिनं घरोघर सांगितलं. कडेनं चपलांची रांग लागली होती, देवळाबाहेर लागते तशी, पण देवळाबाहेर इतकी सरळ नसते. एकाच्याही पायात काही नव्हतं.

हे एकेकाला गट्टू देत होते. आकडा वाचायचा, भोक दाखवायचं. "हळू. आधी तळाला वाळू. हं, आता फिरव. दाब, टाचेनं दाब." मोठमोठे बाप्ये गुडघे टेकून गवत बसवत होते आणि हे मग घेऊन मागोमाग पाणी घालत फिरत होते. बारावा आणि तिसावा वाळून गेला होता. तिथं यांनी नुसती वाळू भरली, वर गवताच्या दोन काड्या खोचल्या. "धरेल," म्हणाले. "माझ्या वेळेत नाही, पण धरेल."

मी कडेला उभी होते, हातात त्यांचा चहा. नेहमीच्या जागी, फोटोतल्या.

"वेणी," यांनी हाक मारली. ट्रेमध्ये एकच गट्टू उरला होता. आकडा एक. "चप्पल काढ आणि ये."

"मी? माझं काय काम तिथं?"

"आहे."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या गवतावर पाय ठेवला. थंड होतं. तुडवलेलं असूनही मऊ होतं. सगळं गाव बघत होतं आणि मला उगाचच लाजायला झालं. मी गुडघा टेकला, गट्टू भोकात बसवला, उभी राहिले आणि टाचेनं दाबला. यांनी वर पाणी ओतलं.

माझी टाच जरा जास्तच रुतली होती. ओल्या गवतावर खोल ठसा उमटला होता. मी तो हातानं सारखा करायला वाकले.

"असू दे," हे म्हणाले.