गोय म्हणजे कोण?

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. गोय. हिब्रू भाषेत जन्मलो तेव्हा माझा अर्थ होता राष्ट्र. तुझ्या वंशाचं मोठं राष्ट्र होईल, असं वचन देवाने अब्राहमला दिलं, त्या वचनात मीच बसलो होतो. तेव्हा ज्यूही गोय आणि इतरही गोय. पुढे ज्यू फक्त इतरांनाच गोय म्हणू लागले, मग त्या इतरांतल्या एकट्यादुकट्यालाही. अख्खं राष्ट्र होतो, आकसत आकसत एका माणसाएवढा झालो! बोलणाऱ्याच्या मनात माया असली की मी नुसता शेजारी, राग असला की दगड.

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावी फ्रेहाच्या घरात माझी अशीच शोभा झाली. वल्हांडण सण तोंडावर आला होता. त्या सणात ज्यूंच्या घरी पावाचा कणही चालत नाही. फ्रेहाने कोपरान् कोपरा झाडला आणि कंबर धरून बसली. तेवढ्यात शेजारच्या, हज करून आलेल्या मुसलमान हज्जा तामोची कोंबडी चोचीत पावाचा तुकडा घेऊन पाहुणीसारखी आत आली.

"कोंबडीसुद्धा गोयच मेली!" फ्रेहा केरसुणी उगारून ओरडली.

भिंतीपलीकडे तामोने ऐकलं. सणाचे आठही दिवस ती बोलली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सण संपतो त्या संध्याकाळी मुफलेताच्या पातळ पोळ्या करायच्या असतात, आणि सणात ज्यूंच्या घरी पीठही नसतं, म्हणून त्यांचं पहिलं पीठ दरवर्षी तामोच आणायची. यंदा तर लेकीच्या सासरची माणसं यायची होती. पण फ्रेहाला पिठापेक्षा तामोच हवी होती. भिंतीकडे बघून ती सारखी डोळे पुसत होती.

म्हातारे सासरे मखलूफ म्हणाले, "सूनबाई, अब्राहमला वचन मिळालं, त्यातला गोय कोण? आपणच की."

"म्हणजे मी स्वतःलाच शिवी दिली?"

ती उठली ती थेट दाराशी गेली. दार उघडते तो समोर तामो, डोक्यावर पिठाची परात आणि काखेत कोंबडी.

"पीठ आणलंय," तामो फुरंगटून म्हणाली. "ही गोय बाहेरच बसेल म्हणते."

"आत आण तिला, हज्जा. सासरे म्हणतात आम्हीपण गोयच. तुझी कोंबडी नात्यातली निघाली."

तामो अशी हसली की परात कलंडली आणि दोघी पिठाने पांढऱ्या झाल्या. उरलेल्या पिठाच्या पोळ्या पाहुण्यांनी मध लावून चाटूनपुसून खाल्ल्या. त्या चुलीभोवती मी पुन्हा राष्ट्राएवढा झालो. किती आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, मला टाकून देऊ नका. फक्त तोंडातून काढण्याआधी भिंतीपलीकडे कोण आहे ते आठवा. कदाचित तिथे कुणीतरी तुमच्यासाठीच पीठ चाळत असेल.